आईनंतर खुर्ची

मेहकरच्या आमच्या गल्लीनं वर्गणी काढून चाकाची खुर्ची घेतली होती. जो आजारी, मग तो गल्लीबाहेरचा का असेना, त्याच्या घरी ती राही. आई गेल्यावर ती आमच्याकडून पुढच्या घरी न्यायला गल्लीनं सांगितलेला एक अनोळखी माणूस आला. आधी तो आईच्या फोटोसमोर हात जोडून उभा राहिला, मग आपल्या दुपट्ट्यानं खुर्चीची चाकं पुसू लागला.

"ही मला विकत द्याल?" मी विचारलं. आईची जागा मला घराबाहेर जाऊ द्यायची नव्हती.

"ताई, तुमची झाली तं कोपऱ्यात पडन. सुलतानपूरची एक आजी वाट पाहून राह्यली."

खुर्चीच्या हातांना आईच्या मऊ लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. निदान त्या तरी ठेवाव्यात म्हणून मी गाठ सोडू लागले. त्यानं हळूच अडवलं.

"राहू द्या ना. तिच्याही हाताले मऊ लागन."

मी सुटलेली गाठ पुन्हा घट्ट बांधली.