देव आसारामच्या दारात अडला

दरेकसा स्टेशनवर उतरून जंगलाच्या अंगाने तासभर चाललं की पिपरटोला लागतो. तिथल्या आसारामला विचारलं की बाबा, तू भूमक कसा झालास, तर तो म्हणतो, "मी नाई झालो, मले धरून केलं." हे अर्धंच खरं आहे.

भूमक म्हणजे गावदेवाचा पुजारी. पण पूजा हा त्याच्या कामाचा लहानसा भाग. कोणाकडे बाळंतपण असो, मयत असो, ताप उतरत नसो, हातातला विळा टाकून त्याने सगळ्यांत आधी जायचं आणि सगळं निस्तरल्यावर शेवटी निघायचं. जुना भूमक सुखराम याने हे चाळीस वर्षं केलं आणि ऐन भाताच्या रोवणीच्या दिवसांत गेला. त्याच्या जागी माणूस गावाने नेमायचा नसतो, तो देवाने निवडायचा असतो. देवाचं लाकूड, त्याला आंगा म्हणतात, चौघांच्या खांद्यावर देतात आणि ते ओढेल तिकडे चौघांनी जायचं. धान पिकत आलं तेव्हा आंगा निघाला, तो आधी पाटलाच्या अंगणात शिरला. पाटलाने चटकन शर्टाची बटणं लावली. तेवढ्यात आंगा गर्रकन वळला, दोन कुंपणं मोडून आसारामच्या दाराच्या चौकटीवर तीनदा आदळला. आसाराम तेव्हा आत सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत बसला होता.

"माह्या कमरेत दम नाई," तो बाहेर येऊन म्हणाला. "दुसऱ्याले पाहा."

प्रत्यक्ष देवाला दुसरं घर बघायला सांगणारा माणूस गावाने पहिल्यांदाच पाहिला.

कंबर चांगली धडधाकट होती. खरी गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. गावाचा नियम असा की नव्या धानाचा पहिला भात देवाला दाखवायचा, त्याला 'नवा' म्हणतात, आणि नवा झाल्याशिवाय त्यातला दाणाही कोणी तोंडात घालायचा नाही. त्या साली आसाराम भर दुपारी पोपट हाकायला शेतातल्या माळ्यावर बसला होता. पिकलेल्या धानाचा वास नाकात शिरला आणि त्याची बुद्धी फिरली. त्याने मूठभर लोंब्या चोळल्या, दगडावर कांडल्या, डालड्याच्या डब्यात शिजवल्या आणि मिठाशी खाल्ल्या. उपाशी होता म्हणावं तर बायकोने, प्रेमिलाने, दिलेली शिदोरी शेजारीच होती. नुसता मोह. वर तो भात इतका गोड लागला की त्याने डबा बोटाने पुसून घेतला.

यावर देवाने काहीतरी करायला हवं होतं. निदान एखादा बैल तरी आजारी पडायला हवा होता. पण त्या साली धान उलट भरभरून आलं, आणि तेच आसारामला झेपलं नाही. शिक्षा झाली असती तर बिचारा मोकळा झाला असता. घर गळलं, पोरीला कांजण्या आल्या, की तो मनात म्हणे, आली वेळ. असं अठरा वर्षं चाललं. प्रेमिलालाही त्याने सांगितलं नव्हतं. असल्या हातांनी गावाचा नवा देवाला दाखवायचा, या विचारानेच त्याला घाम फुटायचा.

इकडे हलकं, लवकर पिकणारं धान खळ्यात येऊन पडलं. भूमक नाही म्हणून नवा नाही, नवा नाही म्हणून नवीन तांदूळ चुलीवर चढत नाही. रेशनच्या तांदळाने पोटं भरत होती, मन भरत नव्हतं. सणाला नागपूर-हैदराबादहून आलेली माणसं परतीच्या बॅगा भरायला लागली. आणि म्हातारा बकाराम खाटेला खिळला होता. छाती भरलेली, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं. त्याचं एकच मागणं होतं, यंदाचा नवा खाऊन जायचं. रोज सकाळी तो विचारायचा, "आसाराम हो म्हनला का?"

नकारानंतर नवव्या दिवशी सुखरामची विधवा फुलवंता आसारामच्या अंगणात येऊन उभी राहिली. बकारामचं दुखणंखुपणं तीच बघत होती.

"तू हो म्हनू नको," ती म्हणाली. "पन बकारामले तुह्या तोंडानं सांग. माह्याच्यानं रोज रोज होत नाई."

आसाराम गेला. खाटेशी बसला. पण मरायला टेकलेल्या माणसासमोर कमरेचं कारण काही जिभेवर येईना. शेवटी त्याने सगळं सांगून टाकलं, डालड्याच्या डब्यासकट. पन्नाशीचा माणूस, पण सांगता सांगता रडला.

बकाराम हसायला लागला. हसता हसता खोकल्याची उबळ आली, फुलवंताने पाठ चोळली.

"अठरा साल हेच धरून बसला का बे?" तो धापा टाकत म्हणाला. "मी काय काय केलो ते मले आता आठवतबी नाई."

"काकी, देव चुकला," आसाराम फुलवंताला म्हणाला. "बाजूच्या दारात जायचा होता, माह्या दारात आला."

"तू भात शिजवून राहिला होता तवा देव काय बजारात गेला होता?" ती म्हणाली. "त्याले त्याच दिवशी मालूम झालं. मालूम असून आला. तो चुकला म्हननारा तू कोन?"

देव शिक्षा करायला येईल, हे आसारामने हजारदा मनात पाहिलं होतं. सगळं ठाऊक असून तो काम सांगायला येईल, हे कधी सुचलंच नव्हतं. त्याला एकदम हलकं वाटलं, आणि भीतीही वाटली.

"पन गावाले सांग," फुलवंता म्हणाली. "लपवून देवापुढं उभा राहू नको."

त्याच संध्याकाळी मोहाच्या झाडाखाली गाव जमलं. आसारामने सांगितलं. मग प्रेमिला उठली.

"मी बांधून देलेल्या शिदोरीचं काय केलात मंग?"

"कुत्र्याले टाकलो," आसाराम म्हणाला.

लोक खो-खो हसले. प्रेमिला नाही हसली, ती दोन दिवस फुगून होती. पाटलाने दंडाचा विषय काढला, आणि दंड फुलवंतानेच सांगितला. ज्याने सगळ्यांच्या आधी खाल्लं, त्याने आता जन्मभर नवा सगळ्यांच्या मागून खायचा. आसारामने मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी नवा झाला. देवापुढे आसारामच्या हातून निम्मा भात खाली सांडला. पहिला द्रोण घेऊन तो बकारामकडे गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने भरवलं. बकारामने घास बराच वेळ तोंडात घोळवला.

"भात गिल्ला केलास, पानी जास्त झालं," तो म्हणाला, आणि पुन्हा तोंड उघडलं.

घरोघरी द्रोण पोचवून आसाराम परतला तेव्हा दुपार कलली होती. भात संपला होता. प्रेमिलाने पातेल्याच्या तळाची खरवड तेवढी त्याच्यासाठी काढून ठेवली होती. पोटात कावळे ओरडत होते, तरी तो मनातून सुखावला होता. पहिला घास उचलला, तोच शेजारची नूतन धावत आली.

"काका, पल्याडच्या घरच्या दिव्याले बाळंतपनाच्या कळा येऊन राहिल्या. सालेकशाहून दवाखान्याची गाडी निघाली म्हनतात, पन पोरगी लय भेऊन राहिली."

आसारामने घास परत पानात ठेवला, प्रेमिलाला झाकून ठेव म्हणाला आणि चपला अर्धवट अडकवून निघाला. या हातांनी जावं का, हे त्याच्या मनात आलं तेव्हा तो दिव्याच्या अंगणात पोचला होता, आणि आतल्या बायका तिला सांगत होत्या, "भेऊ नको बाई, भूमक आला."