पाटावर बसवलेलं विमान

ते विमान अंकलनी पाडलं नाही, मी पाडलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. अंकलना तर नाहीच नाही.

अंकल ठाकूरद्वारजवळच्या एका वाडीत तळमजल्यावर एकटे राहायचे. मूळचे इथलेच ख्रिश्चन. गोदीच्या वर्कशॉपात पॅटर्नमेकर म्हणून रिटायर झालेले. म्हणजे लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा लाकडी नमुना करून देणारे. मी परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. सातेक वर्षांपूर्वी ते छातीचा फोटो काढायला आले, तेव्हा त्यांच्या भुवयांवर पांढरा भुसा बसला होता.

"काका, शर्ट काढा, आणि तोंडही पुसा जरा."

"बाल्सा आहे रे तो, हलकं लाकूड. पंख घासत होतो."

"कसला पंख?"

बाहेर बाकावर सहा पेशंट खोळंबलेले, आणि हे उघड्या अंगाने मला विमानाचा पंख कसा घडवतात ते सांगत उभे. पुढच्या रविवारी मी बघायला म्हणून गेलो आणि मग जातच राहिलो.

मला जायला दुसरी जागा नव्हती. लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला, त्यात एकविसाव्या मजल्यावर घर मिळालं. ते बघायला आई राहिली नाही. बायको त्याच्याही आधी माहेरी गेली ती परतली नाही, आणि त्यात तिची चूक होती असं मी म्हणणार नाही. चाळीत माझ्या घरी स्टोव्ह पेटला नाही तर शेजारणीला कळायचं. टॉवरमध्ये माझ्या मजल्यावर चार दारं आहेत, चारही बंद.

दोनेक वर्षांनी अंकलनी मोठं किट मागवलं. जुन्या काळच्या एका पिवळ्या शिकाऊ विमानाची रिमोटवर उडणारी हुबेहूब प्रतिकृती, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेपाच फूट. टेबलावर नकाशा पसरायचा, वर प्लॅस्टिक, आणि त्यावर टाचण्यांनी एकेक फासळी उभी करून चिकटवायची. "तुझ्याच धंद्यातलं काम आहे," अंकल म्हणायचे, "फासळ्या मोज." चहाचा कप उचलताना त्यांचा उजवा हात थरथरायचा, बशीत चहा सांडायचा. पण ब्लेड धरलं की थरथर बंद. "बघ, कामाला लावला की गप बसतो, साला."

त्यांची मुलगी वसईला असते. ती फोनवर म्हणायची, "डॅडी, पुरे झालं आता. इथे या." स्पीकर चालूच असायचा. अंकलचं उत्तर ठरलेलं होतं: "हात चालतात तोवर नाही येणार."

अकरा महिने लागले. शेवटी पंख जोडल्यावर विमान त्यांच्या खोलीत मावेना, म्हणून पंख पुन्हा सुटे करून टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवंतिडवं घालून ते माझ्याकडे आणलं. माझा हॉल रिकामाच होता. अंकलनी येऊन पंख जोडले, आत रिमोटचं ऐकणारा रेडिओ बसवला, रिमोटच्या काड्या हलवून सगळं तपासलं. मला मागे ओढून म्हणाले, "शेपटीमागे उभं राहायचं. नेहमी. पायलट जिकडे बघतो तिकडेच आपण बघायचं." पंखांच्या मागच्या कडेला दोन हलत्या पट्ट्या असतात. काडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाची पट्टी वर जायला हवी, म्हणजे विमान उजवीकडे कलतं. ती वर गेली. अंकल खूश होऊन घरी गेले.

चार दिवसांनी दसरा होता. आमच्या एक्स-रे विभागात त्या दिवशी मशीनला झेंडूचा हार घालतात, हळदकुंकू लावतात. घरी आलो तर विमान तसंच जमिनीवर. ते मला बरं वाटेना. आईचा पाट काढला, विमान त्यावर बसवलं, नाकाला कुंकू लावलं, पुढे नारळ ठेवला आणि अंकलना फोन लावला.

"पूजा केली अंकल."

"चांगलं केलंस. आता आमच्या फादरना पण बोलावतो, पाणी शिंपडायला. दोघांचे देव असल्यावर पेट्रोल कशाला!"

"बॅटरीवर चालतं, अंकल."

"तेच रे!"

विमानाचं तोंड मी माझ्याकडे केलं होतं. पाटावर बसवलेलं दैवत पाठमोरं कोण ठेवतं? फोन ठेवला, आणि घर एवढं शांत झालं की मी रिमोट चालू केला. निदान काहीतरी हलेल म्हणून. काडी उजवीकडे नेली. माझ्या उजव्या हाताकडची पट्टी खाली गेली.

मला वाटलं, उलटं जोडलंय. अंकल चुकले.

माझं पोट उजव्या-डाव्यावर चालतं. रोज साठ जणांच्या फोटोवर मी खूण करतो. समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे मी नव्या मुलांना शिकवतो. आणि त्या दिवशी, हातात प्रसादाची साखर घेऊन, मला ते सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचू दिलं नाही. म्हाताऱ्याची चूक आपल्याला सापडली याचा मला आनंद झाला होता. वर दयाही आली. वय झालं, हात थरथरतो, आता डोकंही... त्यांना वाईट वाटू नये म्हणून रिमोटवरचा दिशा उलटी करायचा बारीक स्विच मी नखाने सरकवला आणि गप्प राहिलो. त्याला मी माझा चांगुलपणा समजत होतो.

पुढच्या रविवारी सकाळी पनवेलच्या पुढे एका हौशी मंडळींच्या मैदानावर गेलो. वारा वाढत होता, मागे दोघेजण आपली विमानं घेऊन थांबलेले. अंकल रिमोटचा पट्टा गळ्यात अडकवत होते. त्यांनी विचारलं, "चेक केलंस?"

"केलं."

"मागून?"

"हो, अंकल."

केलंच नव्हतं. घरी केलं होतं, तेवढं मला पुरेसं वाटलं.

विमान सुंदर उठलं. सगळे "वा वा" म्हणाले. उजवीकडून वाऱ्याचा झोत आला आणि ते जरा डावीकडे कललं. अंकलनी काडी उजवीकडे दिली. ते आणखी डावीकडे कललं. त्यांनी आणखी दिली. मग ते पालथं झालं आणि पंखावर आपटलं. अकरा महिन्यांचं काम होतं. आवाज मात्र टोपली पडावी एवढाच झाला.

अंकल उजव्या हाताकडे बघत होते. "उलटा गेला रे," ते म्हणाले. "मी उजवीकडे दिलं असं मला वाटलं. हात उलटा गेला."

मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि ते विमानाकडे चालू लागले. मी मागून जाता जाता तो स्विच पुन्हा जागेवर सरकवला.

तिथल्या एकाने मोडक्या पंखाची पट्टी हलते का ते काडी हलवून पाहिलं. हलली, आणि बरोबर हलली. "रेडिओ ओके आहे, काका. होतं असं. वय असतं." मी मान खाली घालून तुकडे गोळा करत होतो. लोकांना ते दुःख वाटलं.

महिन्याभरात अंकलनी पटाश्या, रंधे, करवती एका सुताराला देऊन टाकल्या आणि वसईला गेले. मी विचारलं, तर म्हणाले, "हात चालतात तोवर म्हटलं होतं ना मी? मग."

या गोष्टीला चार वर्षं झाली. दर नाताळात मी वसईला जातो. आता ते स्वतः दाढी करत नाहीत, न्हावी घरी येतो. मुलगी मटण कापून ताटात वाढते. पाहुणे आले की ते उजवा हात वर करून सांगतात, "हा बघा, विमान पाडणारा!" सगळे हसतात. मीही हसतो. मागच्या नाताळात मुलगी मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "तुम्ही येता म्हणून बरं वाटतं त्यांना. दुसरं कोण येतं?"

माझ्याकडेही दुसरं कोणी येत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. ज्या एका दारात माझी वाट बघतात ते बंद होईल, या भीतीने मी चार वर्षं एका माणसाला त्याच्या स्वतःच्या हाताची भीती बाळगू दिली. लिहून काढल्यावर तरी ते लहान वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

अंकल अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या मुलीसमोर बसून, मैदानावर जेवढ्या मोठ्याने "हो, अंकल" म्हटलं होतं तेवढ्याच मोठ्याने, मी त्यांना एवढं सांगण्याचं देणं लागतो: तुमचा हात बरोबर गेला होता, उलटं मी केलं होतं. ते अजून सांगितलेलं नाही.