मैदान भरवणारे शब्बीरभाई

शब्बीरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मैदानावर चुन्याच्या रेषा मारून घेत होते. रविवारी आमच्या कॉलेजच्या मुलींचा सांगलीच्या संघाशी फुटबॉलचा सामना होता. त्यांच्या घरी जाऊन परतले, तर संस्थेच्या सचिवांनी केबिनमध्ये बोलावलं. "वाईट झालं," म्हणाले, आणि त्याच दमात, "आता पुकारणाराच गेला, बघायला कोण येणार? मुलींचं फुटबॉल यंदापासून बंद करू." महिना होत आला, माझा राग उतरलेला नाही. तो उतरू नये अशीच माझी इच्छा आहे.

शब्बीरभाईंचा कराडात मंडप-स्पीकरचा धंदा. लग्नं, वाढदिवस, जत्रेतली कुस्त्यांची मैदानं... फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइडला ते शेवटपर्यंत 'पुढं गेल्याली पोरगी' म्हणत. अडीच वर्षांपूर्वी संस्थेने मला बजावलं होतं, की बघायला कुत्रं येत नाही अशा खेळासाठी मैदान अडवता येणार नाही. खोटं नव्हतं ते. सामन्याला मी, रेफरी आणि कुंपणापलीकडची दोन गाढवं एवढीच हजेरी. मी पत्रकं वाटली, फुकट चहा ठेवला. लोक चहा पिऊन गेले. स्नेहसंमेलनाचा मंडप सोडायला आलेले शब्बीरभाई हे बघत होते. म्हणाले, "म्याडम, तुमी खेळ बघायला बोलवताय, तितंच चुकतंय. कुस्तीच्या मैदानात निम्मी मानसं आपलं नाव ऐकायला येत्यात. मला एक टेबल द्या, माइक माझा."

पुढच्या सामन्याला ते मैदानाकडे पाठ करून, गेटाकडे तोंड करून बसले. आत येणाऱ्याचं नाव-गाव विचारायचं आणि पुकारायचं. "कोरेगावहून आलेले घेवड्याचे व्यापारी तानाजीराव, यांचं मैदानात सहर्ष स्वागत." तानाजीराव खरं तर आडोसा शोधत आत शिरले होते. नाव ऐकल्यावर मिशीवरून हात फिरवत बसले ते सामना संपेपर्यंत. पुढच्या वेळी मेहुण्याला घेऊन आले.

आमची गोलकीपर सुनीता कवठे महांकाळकडची, मेंढपाळाच्या घरातली. तिचे वडील बिराप्पा तेव्हा मेंढ्या घेऊन इकडे उतरले होते, कॉलेजामागच्या रानातच त्यांचा तळ होता. लेकीचं हे खेळणं त्यांना पसंत नव्हतं. आठवड्याभरात तिला घरी नेऊन लग्नाचं बघायचं ठरलं होतं. शब्बीरभाईंच्या कानावर हे गेलं. त्यांनी एक कर्णा त्या रानाकडे वळवला आणि ठणकावून सांगितलं, "आज गोलात उभ्या असलेल्या सुनीताचे वडील बिराप्पा स्वतः हजर झालेत, त्यांचं स्वागत." माणूस तिथे नव्हताच. मी घाबरून माइक बंद करायला धावले. अर्ध्या तासात बिराप्पा खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी घेऊन तणतणत आले.

"कुनी घेतलं माझं नाव? मी आलोच न्हाई."

"आवं, आता आलाय की," शब्बीरभाई म्हणाले. "चारचौघात मला खोटं पाडू नगा. बसा."

ते बसले. त्याच वेळी सुनीताने पेनल्टी अडवली आणि शेजारच्या अनोळखी माणसांनी बिराप्पांची पाठ थोपटली... जाताना ते मला एवढंच विचारून गेले, "पुढची म्याच कवा हाय?" सुनीता यंदा शेवटच्या वर्षाला आहे.

तर, रविवारचा सामना मी रद्द केला नाही. सचिवांना लेखी कळवलं, की बंद करायचं तर मैदानात येऊन लोकांसमोर सांगा. शब्बीरभाईंच्या घरच्यांकडे त्या दिवसांत स्पीकर मागणं मला जमेना, आणि दुसऱ्या कुणाचा आणायचा नव्हता. लोक आले. गेटातून आत पाऊल टाकायचे आणि थबकायचे... तोवर मला नुसता राग होता. त्या थबकलेल्या माणसांकडे बघून पहिल्यांदा रडू आलं. मग राखीव खेळाडू मुली गेटवर गेल्या आणि नरडं ताणून एकेकाचं नाव पुकारू लागल्या. बिराप्पांचं नाव सुनीताने गोलातूनच पुकारलं.

उत्तरार्धात सचिव आले. गेटापाशी थांबले, कॉलर सारखी केली आणि मुलींकडे बघत राहिले. मुलींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं.

"या की आत," मी सचिवांना म्हणाले, "जागा मिळाली तर बसा."

जागा नव्हती. त्यांनी सामना उभ्याने बघितला.