कापायच्या आधीचा पगार

शहापूरला महामार्गाकडेला एका काकांचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. पत्नी गेल्यावर तिच्या कागदांसाठी मी तिथे जाऊ लागलो, आणि कागद संपले तरी जात राहिलो. ते प्रत्येक फॉर्म पुटपुटत वाचतात, मग काही क्षण डोळे मिटून बसतात. तेवढा वेळ रस्त्यावरचे ट्रकसुद्धा पाण्याखालून गेल्यासारखे वाटतात. धीराचे शब्द मात्र ते कुणालाच देत नाहीत.

परवा अड्याळची एक नर्स आली. तिला इंग्लंडातल्या रुग्णालयाने नोकरी देऊ केली होती. तिथल्या सरकारने ठरवलेल्या किमान पगाराहून कमी मिळणार असेल, तर व्हिसा देत नाहीत. तिने सांगितलेला आकडा थोडासा कमी पडला.

"राहू द्या काका. माह्या नशिबातच नाही."

त्यांनी तिचं नेमणूकपत्र मागून घेतलं आणि सावकाश वाचलं.

"हा आकडा कोठून आणला, बेटा?"

"हातात इतकाच पडन ना."

आमच्याकडे पगार विचारला की सगळे कर वगैरे कापून हातात पडणाराच सांगतात.

"इथं कापायच्या आधीचा लिहा लागते. स्वतःले कमी कायले सांगून राहिली?"

पत्रातला आकडा किमान पगाराच्या बराच वर होता. त्यांनी तो भरला आणि फॉर्म पाठवला.

"काका, भेटन ना व्हिसा?"

"ते त्याईच्या हाती आहे," ते म्हणाले. मग नेमणूकपत्र तिच्याकडे सरकवत म्हणाले, "पण तू कमी नाहीस. कागदावर लिवून आहे."

ती हसत निघून गेली. मीही उगाच खुर्चीत सरळ होऊन बसलो.