मुकी पट्टी

आमच्या नागपूरच्या पेटीची एक पट्टी मुकी होती. ती दुरुस्त करायचं कुणाला सुचलंच नाही. मला शिकवताना आई त्या जागी जिभेने टक् करायची आणि पुढे जायची. स्वतः रचलेली एक चाल तिने मला अशी टक्‌सकटच शिकवली. मी तिच्या बोटांकडे बघू नये म्हणून ती मला पाठमोरी बसवायची.

आई गेल्यावर मी नोकरीसाठी बंगळुरूला आले. रोज सकाळी तळ्याला फेरी मारताना तीच चाल शिट्टीवर वाजवते. मीटिंगांच्या कटकटीआधी तेवढंच माझं सुख.

परवा धुकं होतं. मी शिट्टी सुरू करायच्या आधीच बांबूच्या बेटातून ती चाल ऐकू आली. मधलं टक्‌सुद्धा! अंगावर सर्रकन काटा आला. बाकावर रोज बसणाऱ्या कानडी अक्कांना विचारलं, "तिकडे कोण आहे?"

"हक्की," त्या हसल्या. म्हणजे पक्षी.

हुश्श! "माझी नक्कल करतोय मेला," मी म्हटलं.

"नाही हो," त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "तुम्ही इथे यायच्या कितीतरी आधीपासून तो हेच गातो."

मी पुढे गेले आणि शिट्टी सुरू केली. मुक्या पट्टीच्या जागी मुद्दाम गप्प राहिले.

टक् झालं. बेटातून नाही, अगदी माझ्या पाठीमागून.

मी चाल पुढे नेली. वळले नाही. वळून बघितलेलं आईला चालायचं नाही.