साहेबांची कबुली

एरवी मोजकंच बोलणारा न्हावी साहेबांचा विषय निघाला की थांबत नसे. साहेब पहिल्यांदा निवडून आले तेव्हापासून रोज सकाळी बंगल्यावर जाऊन तो त्यांची दाढी करायचा. समोर अर्जदारांची गर्दी, गालावर फेस, डोळे मिटलेले, आणि साहेब नुसत्या आवाजावरून माणूस ओळखायचे. "बहिणीचं लग्न जमलं का रे?" असं मधेच विचारायचे. समोरचा हरखून जायचा. एवढी माणसं एका डोक्यात मावतात तरी कशी, याचं न्हाव्याला नवल वाटायचं.

साहेब निवडून येत राहिले, मंत्री झाले, घरोघरी पाणी आणलं. मग एक दिवस पेपरात आलं, की सरकारी दवाखान्यासाठी राखलेली जागा त्यांनी जावयाच्या हॉटेलला दिली. चौकशी बसली, मंत्रिपद गेलं, खटला उभा राहिला, पुढच्या निवडणुकीत डिपॉझिटही गेलं. "सगळा विरोधकांचा डाव," असं न्हावी गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा.

एका सकाळी साहेब एकटेच त्याच्या दुकानात आले. बाकावरच्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. न्हाव्याने लगबगीने खुर्ची पुसली. एक गाल होतो न होतो तोच बाकावरचा म्हातारा शिंपी म्हणाला, "साहेब, दवाखाना असता तर माझी सून वाचली असती. शहर गाठेपर्यंत वाटेतच गेली."

"काका, साहेबांना जावयाने फसवलंय," न्हावी मधे पडला.

साहेबांनी त्याचा हात बाजूला केला. गळ्यात कापड, अर्ध्या तोंडाला फेस, तसेच उठून ते शिंप्यासमोर उभे राहिले.

"मला कोणी फसवलं नाही. मुलीने हट्ट धरला आणि मी जागा दिली. सही करताना सगळं कळत होतं. वाटलं, मला कोण विचारणार?"

"आता सांगून काय उपयोग?"

"काहीच नाही. कोर्टातही हेच सांगणार आहे. वकील म्हणतोय, असं सांगू नका."

शिंपी बाकावरून उठला आणि निघून गेला.

साहेबांनी कोर्टात खरंच तसं सांगितलं आणि शिक्षा भोगायला गेले. त्यानंतर दुकानात कोणी त्यांना शिव्या घातल्या, तर न्हावी मान डोलवायचा.

"बरोबर आहे तुमचं," म्हणायचा. "पण भरल्या दुकानात त्यांना तसं उभं राहिलेलं मी पाहिलंय. मंत्री असतानासुद्धा ते मला एवढे मोठे दिसले नव्हते."