नवनाथचा सांधा पक्का होता

नवनाथने मला एकदा फसवलं, आणि मी नवनाथला त्याहून वाईट फसवलं. त्याने मला कसं फसवलं, हे शिर्डी-कोपरगाव रस्त्यावरच्या प्रत्येक हॉटेलवाल्याला मी ऐकवलंय. माझं मात्र आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. एक माणूस जाणतं — थोडंफार — पण ते माझ्याच घरातलं आहे, म्हणून गप्प आहे.

तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर बसलो की मी सांगता सांगता भाव करायला लागतो. थोडी चूक माझी, थोडी त्याची, मध्यावर तोडू. सवयच ती. शिर्डीत टोपलीत हार घेऊन फिरायचो. टोपलीवरून गाडा, गाड्यावरून लॉज, लॉजवरून हे रिसॉर्ट. कुणी बोट धरून चालवलं नाही. जे मिळालं ते घासाघीस करून, आवाज चढवून. आवाज चढवला की समोरचा मागं सरकतो, हे मला फार लवकर कळलं. फारच लवकर.

रिसॉर्टला पोहायचा तलाव करायचा ठरला तेव्हा नवनाथला बोलावलं. तो आधी शेततळ्यांना कागद अंथरायचा — आमच्याकडे शेततळ्यातल्या प्लास्टिकला कागदच म्हणतात — आणि मग पुण्याला राहून विनाइलच्या अस्तराचं काम शिकून आला होता. या भागातला असा तो पहिलाच. त्याचा त्याला गर्वही होता. तोंडाळ माणूस. गरम हवेच्या बंदुकीने पट्टीला पट्टी चिकटवत जायचा आणि एकीकडे बडबड चालू. माझी बायको मंगल चहा घेऊन आली, तर तिला म्हणाला, "वहिनी, ह्यो सांधा तुमच्या लग्नगाठीपेक्षा पक्का हाय." ती हसली. मीही हसलो. तेव्हा आमचं चांगलं होतं.

मग फसवणूक. सांगतो, कारण हीच मी इतकी वर्षं ढालीसारखी पुढं धरत आलोय. अस्तराच्या काठाला निळ्या लाटांची नक्षी होती. ती मी निवडली होती, आणि नवनाथकडून शब्द घेतला होता — या रस्त्यावर दुसऱ्या कुणाला ती द्यायची नाही. पुढच्या दिवाळीत समोरच्या हॉटेलच्या तलावाला तीच लाट. मी चारचौघांत त्याला विचारलं. तो म्हणाला, "दादा, लाट काय तुमच्या सातबाऱ्यावर हाय का?"

सगळे हसले. मीही हसलो — न हसून करतो काय? पण ते मी विसरलो नाही. रोज गिऱ्हाइकाला तलाव दाखवताना ती लाट दिसायची, आणि रस्त्यापलीकडची आठवायची. एवढ्याशा गोष्टीचा एवढा राग येतो का माणसाला? मला येतो. आणि आला की जात नाही.

पण तलाव मला आवडायचा. हेही खरं आहे. सकाळी गिऱ्हाइकं उठायच्या आत मी स्वतः मऊ ब्रशने भिंती घासायचो. सगळं नवनाथनेच शिकवलेलं. तारेचा ब्रश अस्तराला लावायचा नाही. क्लोरीनची पावडर बादलीत विरघळवूनच सोडायची. तशीच टाकली तर तळाला बसते आणि रंग खाते. जाळी रोज साफ करायची, रंग बदलणारी पट्टी बुडवून पाणी तपासायचं. आणि काही झालं तरी तलाव पूर्ण रिकामा करायचा नाही. पाण्याच्या वजनानेच अस्तर जागेवर बसून राहतं. त्यातही पाटाला आवर्तन, म्हणजे धरणाचं पाणी, सुटलेलं असेल तेव्हा तर नाहीच. पाट वाहतो तेव्हा आमच्याकडे जमीन खालून भिजते, विहिरी वर येतात. वरचं वजन काढलं की खालचं पाणी अस्तराला उचलणार. हे त्याने मला एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

उन्हाळा होता. आमच्या भागाचा ट्रान्सफॉर्मर जळाला, वीज येईना, पाणी गाळायचं यंत्र बंद. पाणी हिरवं पडलं. आणि सुरतेचं एक मोठं कुटुंब दर्शनाला येणार होतं, मुलाबाळांसकट, खास तलाव आहे म्हणून आमच्याकडं उतरणार होतं. वीज आल्याबरोबर नवनाथला फोन केला. तो संगमनेरला कामावर होता. म्हणाला, थोडं पाणी काढा, तेवढं ताजं भरा, औषध टाका, यंत्र चालू ठेवा, दोन-चार दिवसांत निवळेल. मी येईपर्यंत तळ उघडा पाडू नका.

दोन-चार दिवस! माझ्याकडं तेवढे नव्हते. आणि खरं सांगू? असते तरी मी ऐकलं असतं का? माझी लाट दुसऱ्याला विकणारा हा मला शिकवणार? शेततळी आम्ही रिकामी करतोच की. गाळ काढतो, कागद झाडतो, पुन्हा भरतो. काय होतं त्याला? मी पाणी उपसायला मोटार लावली. मंगल स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, "अहो, पाटाला पाणी सुटलंय. विहीर बघा किती वर आलीय." मी तिला म्हणालो, तू भाकरी बघ.

सकाळी गेलो तर तळाचं अस्तर भाकरीसारखंच टम्म फुगलेलं. कडेपासून सुटून वर आलेलं, हलत होतं. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? थांबला असता. पाणी सोडलं असतं. मी आत उतरलो आणि रागाने त्या फुग्यावर पाय दिले. दाबून बसवणार होतो त्याला — जमिनीखालच्या पाण्याला. दोन-तीनदा जोरात दाबलं, आणि कोपऱ्यात अस्तर टरकन फाटलं.

कुठं फाटलं, ते नीट सांगायला हवं. सांध्याला लागून फाटलं. सांध्यावर नाही. पट्टीला पट्टी जिथं चिकटली होती तिथं काही झालं नव्हतं. शेजारचं साबूत अस्तर फाटलं होतं.

इथवर मूर्खपणा होता. राग होता. इथं थांबलो असतो तर आज हे लिहीत नसतो.

मी वर आलो, मोटारीच्या खोलीतून पेचकस घेतला, आणि पुन्हा खाली उतरून तो सांधा उकलायला लागलो.

उकलेना. तुम्हाला कसं सांगू — तो उकलेना. पेचकसाचं टोक घालायला फट सापडेना. फाटलेल्या जागेतून आत घालून, टाच लावून, दोन्ही हातांनी ओढत होतो. घामाघूम झालो. एखादा चोर पाहिजे तर असा असावा — ज्याचा माल चोरतोय त्याच्या कामाची दर झटक्याला खात्री पटत होती. शेवटी वीतभर सुटला. तेवढा पुरेसा होता.

मग नवनाथला फोन. तुझा सांधा सुटला, सगळं पाणी खाली गेलं, खालून अस्तर फुगलं. जे आधी झालं ते नंतर घातलं आणि नंतरचं आधी. एवढीच अदलाबदल. तो काम टाकून आला. कोपऱ्यात बसून बराच वेळ सांध्यावरून बोट फिरवत राहिला. मग विचारलं, "दादा, तलाव रिकामा केलता का?"

मी म्हणालो, नाही.

मंगल ओट्याशी उभी होती. तिने माझ्याकडं पाहिलं आणि आत गेली.

त्याला पटत नव्हतं. माझ्या हातचा सांधा सुटायचा नाही, म्हणाला. मग मी आवाज चढवला. एवढ्यावर थांबलो नाही. आमच्या रस्त्यावरचे हॉटेलवाले महिन्यातून एकदा एकत्र बसतात. त्या बैठकीला त्याला बोलावून घेतलं. समोरच्या हॉटेलचे मालकही होते, लाटवाले. ज्येष्ठ म्हणून आम्ही ज्यांना अण्णा म्हणतो ते होते. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "तुझा सांधा पक्का हुता ना? मग चल शिंगणापूरला. शनिदेवापुढं शपथ घे."

आमच्या जिल्ह्यात हे बोलणं साधं नाही. शिंगणापूरला खोटी शपथ घेणाऱ्याचं काय होतं, हे लहानपणापासून ऐकत आम्ही मोठे झालो. भांडण तिथवर गेलं की माणूस विचार करतो. आणि मला माहीत होतं नवनाथ काय करणार. दर शनिवारी तेल घालायला जाणारा माणूस तो. भाव करताना समोरच्याची दुखरी नस शोधतात ना — मी तीच दाबली होती.

तो अण्णांकडं वळला. तो बडबड्या. पण हळूच म्हणाला, "अण्णा, चिटकवलं त्या दिवशी वारं लई हुतं. धूळ उडत हुती. कण गेला न्हाई आत, आसं मी डोळ्यांनी न्हाई बघितलं. न बघितल्याची शपथ कशी घिऊ?"

झालं. अण्णांनी मान हलवली. शपथ घेत नाही म्हणजे चूक कबूल. लाटवाले म्हणाले, आपलाही तलाव तपासून घ्यावा लागेल. नवनाथने नवं अस्तर पदरचं आणून बसवलं. माणूस खोटं बोलायला तयार नव्हता, म्हणून खोटा ठरला. आणि मी? मला कुणी शपथ घ्यायला सांगितलीच नाही. ज्याने आवाज चढवला त्याला कोण सांगणार?

त्यानंतर या भागातली कामं त्याच्याकडं जाईनाशी झाली. वर्ष-दीड वर्ष त्याने ओढलं, मग ती हवेची बंदूक विकली. आता भावाच्या किराणा दुकानात बसतो. कामं गेली ते वाईट झालंच. पण त्याहून वाईट काय झालं ते मला गेल्या हिवाळ्यात कळलं.

त्याच्या मामेबहिणीचं लग्न आमच्या लॉनवर होतं. जेवणं झाल्यावर तो तलावाकडं आला. उकिडवा बसला, त्याच कोपऱ्यात, आणि पाण्यात हात घालून नव्या अस्तराच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. मी मागं उभा होतो. तो उठून म्हणाला, "दादा, आजून झोपताना इचार येतो. माझ्याच हातून ऱ्हायलं आसंल. माफ करा."

त्याला माझ्यावर संशय नव्हता. तो स्वतःच्या हातांवर संशय घेऊन जगत होता. ज्या सांध्याने मला टाच लावायला लावली, तो सांधा कच्चा होता असं त्याचा करणारा मानून बसला होता.

आणि मी काय म्हणालो? तोंड उघडलं होतं. शब्द आला होता. पाहुणे बघत होते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे रे. होतं माणसाच्या हातून."

मी त्याला माफ केलं. कुणीतरी म्हणालं, शेठचं मन मोठं आहे.

मंगल तिथंच होती. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिला मी दोष देत नाही. त्याच्या दुकानापर्यंत मी गाडी घेऊन गेलोय, एकदा नाही, बऱ्याचदा. वळणावरून परत फिरलोय. भीती कसली वाटते, तेही ठाऊक आहे. तो रागावेल याची नाही. तो पुन्हा समजून घेईल, याची.

म्हणून हे छापायला देतोय, आणि पहिली प्रत अण्णांकडे पाठवतोय. अण्णा, त्या बैठकीत शपथ चुकीच्या माणसाकडं मागितली गेली, आणि ती तुम्ही मागू दिलीत. आता बैठक पुन्हा बोलवा. तेच सगळे बोलवा. नवनाथला समोर बसवा, आणि तो सांधा कसा सुटला ते मला विचारा. माझा आवाज चढला तरी सोडू नका.